वाचक विचारतात : लोरिका, लूरिख आणि आपली अलमारी

मागच्या अंकात रोमन सैनिकांच्या पोशाखावर लेख होता, त्यात 'लोरिका' हा शब्द आला होता आणि 'म्हणजे चिलखत' एवढं सांगून लेख पुढे गेला. तेवढ्या एका शब्दावर यावेळी इतकी पत्रं आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवलेत, आज फक्त चिलखत. मला स्वतःला हा विषय फार जवळचा आहे त्यामुळे उत्तरं जरा लांबतील, सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, लोरिका हा शब्द चामड्यावरून आला असं वाचलं. पण चित्रांमध्ये तर रोमन सैनिक लोखंडी पट्ट्या घालून दिसतात, मग चामडं कुठून आलं? आणि गेममध्ये 'लोरिका सेगमेंटाटा' असं नाव असतं ते रोमन लोक खरंच म्हणायचे का? (कॉलेज विद्यार्थिनी, सोलापूर)

चामडं आधी आलं गं, लोखंड नंतर. लॅटिनमध्ये 'लोरुम' म्हणजे चामड्याची वादी. लगाम, चाबूक, बांधायची पट्टी, सगळ्याला लोरुम. आणि हे मी आजच्या कुठल्या डिक्शनरीतून सांगत नाहीये, ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात व्हारो नावाचा मोठा रोमन विद्वान होऊन गेला, लॅटिन भाषेवर त्याने अख्खा ग्रंथ लिहिलाय, त्यात त्यानेच लिहून ठेवलंय की पूर्वी कच्च्या चामड्याची छातीवर बांधायची आवरणं करायचे म्हणून लोरुमवरून लोरिका, आणि नंतर गॉल लोकांचा, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या लोकांचा, लोखंडी कड्यांचा अंगरखा आला तोही याच नावाखाली गेला. म्हणजे वस्तू बदलली, माल बदलला, बनवणारे लोक बदलले, पण सैनिक आपला जुनाच शब्द वापरत राहिले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने आपल्या भाषेत शब्द सरकताना पाहिला आणि तो टिपून ठेवला, मला ही नोंद वाचताना दरवेळी भरून येतं.

मग प्रकार पडत गेले. कड्यांची ती 'हामाटा', हामुस म्हणजे आकडा त्यावरून. माशाच्या खवल्यांसारख्या पत्र्यांची ती 'स्क्वामाटा', स्क्वामा म्हणजे खवला. कड्यांचं चिलखत सुरुवातीला सगळ्यांना परवडायचं नाही बरं का, पोलिबियस हा ग्रीक इतिहासकार सांगतो की ज्यांची मालमत्ता दहा हजार द्राख्मांच्या वर ते कड्यांचं घालत आणि बाकीचे छातीवर नुसता वीतभर पितळी पत्रा बांधत.

आता सेगमेंटाटा. नाही, रोमन लोक तसं म्हणत नव्हते. पट्ट्यापट्ट्यांच्या चिलखताला हे नाव सोळाव्या शतकात विद्वानांनी दिलं, सैनिक स्वतः त्याला काय म्हणायचे तो शब्द आपल्यापर्यंत पोचलाच नाही. रोममध्ये सम्राट ट्राजनचा स्तंभ आहे, इसवी सन ११३ चा, त्यावर हे चिलखत घातलेले सैनिक रांगेने कोरलेत, पण ते आतून कसं बांधलेलं असायचं हे नुसतं शिल्प बघून कळेना. १९६४ मध्ये उत्तर इंग्लंडात कॉर्ब्रिज इथे, हॅड्रियनच्या भिंतीजवळ, जमिनीत पुरलेली एक लाकडी पेटी सापडली आणि त्यात या चिलखताचे भाग होते, गंजलेले पण एकमेकांना धरून असलेले. त्यावरून कळलं की लोखंडी पट्ट्या आतल्या बाजूने चामड्याच्या वाद्यांवर रिव्हेट मारून बसवलेल्या असायच्या, म्हणून तर सैनिकाला वाकता यायचं. म्हणजे बघ, बाहेरून सगळं लोखंड दिसतंय आणि आत वादी आहेच. शब्दातही आणि वस्तूतही.

आणि लॅटिनमध्येच हा शब्द अंगावरून उतरून कुठे कुठे जाऊन बसला ते तर फारच छान आहे. ख्रिस्तपूर्व ५४ च्या हिवाळ्यात गॉलमध्ये एका रोमन छावणीला वेढा पडला, छावणीचा प्रमुख होता प्रसिद्ध वक्ता सिसेरोचा भाऊ, तेव्हा सैनिकांनी रातोरात बुरूज उभे केले आणि त्यांना फांद्यांच्या विणलेल्या तट्ट्यांच्या 'लोरिका' बांधल्या असं सीझर लिहितो. इथे लोरिका म्हणजे छातीभर उंचीचा कठडा, ज्याच्या मागे उभं राहून लढायचं. विट्रुव्हियस हा बांधकामावर लिहिणारा, त्याच्याकडे लोरिका म्हणजे चुना-वाळूचा थर, जमिनीवर किंवा भिंतीवर दिलेला, आपण गिलावा म्हणतो तसला. आणि प्लिनी या निसर्गावर लिहिणाऱ्या रोमन लेखकाची नोंद तर मुंगसाची आहे! इजिप्तचं मुंगूस सापाशी लढायच्या आधी चिखलात लोळतं, उन्हात वाळतं, परत लोळतं, परत वाळतं, आणि असे थरावर थर चढवून अंगाला 'लोरिका घालून' मगच लढाईला जातं असं तो लिहितो. मुंगूस खरंच असं करतं का हा वेगळा विषय, पण क्रियापद बघ, चिलखतावरून थेट क्रियापद झालं आणि ते एका जनावराला लागलं. ज्याने ज्याने आतल्या जिवाला राखलं, मग ते लोखंड असो, तट्टी असो, चुना असो नाहीतर चिखल असो, ते सगळं लोरिका.

प्रश्न : नमस्कार. मी तीन वर्षं डब्लिनमध्ये नोकरीला आहे. इथे सेंट पॅट्रिकच्या नावाची एक जुनी प्रार्थना आहे, तिला आयरिशमध्ये 'लूरिख' म्हणतात आणि ऑफिसमधली एक सहकारी म्हणाली की त्याचा मूळ अर्थ चिलखत. मला लगेच आईची रामरक्षा आठवली. हा शब्द तुमच्या लोरिकाचाच का, आणि आपल्याकडच्या कवचांशी याचा काही संबंध आहे का?

तुमचं पत्र वाचून इतका आनंद झाला म्हणून सांगू, कारण माझ्या मते या शब्दाच्या सगळ्या प्रवासातला सगळ्यात सुंदर टप्पा हाच आहे. हो, लूरिख म्हणजे लोरिकाच.

आधी शेजारच्या वेल्सचं सांगते म्हणजे फरक कळेल. ब्रिटनवर रोमची सत्ता जवळजवळ साडेतीनशे वर्षं होती, साधारण ४१० पर्यंत. तिथल्या स्थानिक लोकांनी सैनिकांच्या तोंडून शब्द ऐकला आणि तो त्यांच्या भाषेत रुळला, आज वेल्शमध्ये तो 'ल्लुरिग' असा आहे. शेवटचा 'आ' गळाला आणि 'क' चा 'ग' झाला, जसं लॅटिन 'मेडिकुस' म्हणजे वैद्य याचं वेल्शमध्ये 'मेदिग' झालं अगदी तसंच. एक शब्द बदलला तर योगायोग म्हणता येतो पण एकाच पद्धतीने दहा शब्द बदलतात तेव्हा ती त्या भाषेची सवय असते आणि मग आपल्याला खात्रीने बोलता येतं. वेल्शमध्ये अर्थ मात्र सरळ राहिला, ल्लुरिग म्हणजे अंगात घालायचं चिलखत, जुन्या वीरकाव्यांतले योद्धे ते घालतात.

आयर्लंडवर रोमचं राज्य कधीच नव्हतं. तिथे लॅटिन शब्द नेले ते मठवाल्यांनी, पुस्तकं घेऊन गेलेल्या संन्याशांनी. आणि त्यांच्या पुस्तकात लोरिका कुठे होती? लॅटिन बायबलात. संत पॉलच्या इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात देवाची शस्त्रसामग्री चढवा असं सांगितलंय, त्यात नीतिमत्त्वाची लोरिका घाला असं येतं, मराठी बायबलात तिथे 'उरस्त्राण' शब्द आहे. म्हणजे आयरिश मंडळींना हा शब्द भेटला तेव्हाच तो अर्धा लोखंडाचा आणि अर्धा श्रद्धेचा होता. तिथून पुढचं पाऊल त्यांचं स्वतःचं: जी प्रार्थना म्हटली की अंगाला चिलखत चढतं त्या प्रार्थनेलाच लूरिख म्हणायचं. आयरिश उच्चारात मधला 'क' घासून 'ख' झाला तो आपल्या 'ख' पेक्षा जास्त उर्दूतल्या 'ख़बर' मधल्यासारखा, तुम्ही तिथे रोज ऐकतच असाल.

पॅट्रिकच्या लूरिखची कथा अशी सांगतात की तो तारा इथल्या राजाकडे निघाला होता, वाटेत राजाची माणसं दबा धरून बसलेली, त्याने ही प्रार्थना म्हटली आणि त्या माणसांना फक्त काही हरणं आणि मागून जाणारं एक पाडस दिसलं. म्हणून तिला 'हरणाची हाक' असंही नाव आहे. पॅट्रिक पाचव्या शतकातला आणि प्रार्थनेची भाषा अभ्यासकांच्या मते साधारण आठव्या शतकातली, त्यामुळे ती त्याची स्वतःची नसावी, पण लोकांच्या मनात ती त्याचीच आहे आणि राहील. ख्रिस्त माझ्यासोबत, माझ्यापुढे, माझ्यामागे, माझ्याखाली, माझ्यावर असं करत करत सगळीकडून वेढून घेतलेलं आहे. आणि एके ठिकाणी बायकांच्या, लोहारांच्या आणि द्रुइडांच्या मंत्रतंत्रांपासून राखण मागितली आहे, द्रुइड म्हणजे त्यांचे जुने पुरोहित. लोहार का, तर लोखंड वितळवणारा माणूस म्हणजे हातात काहीतरी विद्या असलेला माणूस अशी समजूत. आता आपलं देवीचं कवच काढा, त्यात 'अभिचाराणि सर्वाणि मन्त्रयन्त्राणि भूतले' हे सगळं कवच हृदयात असताना नाश पावतं असं म्हटलंय. भीती तीच आणि उपायही तोच!

पण रामरक्षेशी खरं नातं जुळतं ते दुसऱ्या एका लोरिकाचं. लाइडकेन नावाचा आयरिश विद्वान होता, ६६१ मध्ये वारला, त्याच्या नावावर लॅटिनमध्ये एक लोरिका आहे, काही हस्तलिखितांत ती गिल्डास या ब्रिटनमधल्या संन्याशाच्या नावावर आहे. सुरुवातीलाच म्हटलंय की या वर्षीच्या मरणाने मला ओढून नेऊ नये, म्हणजे साथीच्या दिवसांत लिहिलेली असणार हे उघड आहे. आणि मग एकेक अवयव. कवटी, डोकं, केस, डोळे, कपाळ, जीभ, दात, नाकपुड्या असं वरून खाली उतरत पार बोटांपर्यंत, आणि नुसतं बाहेरचं नाही तर प्लीहा, वळणावळणाची आतडी, हाडातला मगज, काही म्हणजे काही सोडलेलं नाही. शब्दही साधे वापरले नाहीत, हिब्रू आणि ग्रीकमधून उचललेले अवघड शब्द मुद्दाम घातलेत, इतके अवघड की इंग्लंडात नवव्या शतकातल्या एका प्रार्थनापुस्तकात प्रत्येक शब्दाच्या वर बारीक अक्षरात तिथल्या बोलीतला अर्थ लिहून ठेवलाय. कुणीतरी बसून 'हे म्हणजे नाकपुडी, हे म्हणजे दात' असं लिहिलंय, कारण आपण कुठल्या अवयवाची राखण मागतोय हे म्हणणाऱ्याला कळायला नको का.

आता 'शिरो मे राघवः पातु भालं दशरथात्मजः', मग डोळे, मग कान, मग नाक, तोंड, जीभ, कंठ, खांदे, हात, हृदय, आणि खाली गुडघे-पोटऱ्या-पावलांपर्यंत. क्रम तोच, वरून खाली. आणि रामरक्षा स्वतःला काय म्हणवते ते पुढे येतं, 'वज्रपञ्जरनामेदं यो रामकवचं स्मरेत्', म्हणजे हे वज्रपंजर नावाचं रामकवच आहे. शब्दही तोच झाला, कवच म्हणजे चिलखत आणि कवच म्हणजे स्तोत्र.

तुमच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर द्यायचं तर शब्दाचं नातं नाही. लोरिका लॅटिन वादीची, कवच संस्कृत, एकमेकांकडून कुणी काही घेतल्याचा पुरावा नाही आणि तसं कुणी फॉरवर्डमध्ये लिहून पाठवलं तर विश्वास ठेवू नका. पण माझं मत विचाराल तर नातं नसणं हेच जास्त मोलाचं आहे. आजारी लेकरापाशी बसलेली आई आणि साथीत सापडलेला संन्यासी, दोघांना एकमेकांची भाषा माहीत नाही, देव वेगळा, समुद्र वेगळा, आणि दोघांनीही हात डोक्यावरून खाली फिरवत एकेक अवयव देवाच्या हवाली केला. उसनं घेतलं असतं तर ते फक्त उसनं असतं.

तुमच्या सहकारी बाईंना अजून एक सांगा, स्कॉटलंडच्या गेलिकमध्ये हाच शब्द पुढे ठिगळं लावलेल्या कपड्यालाही वापरला गेला आणि आयरिशमध्ये काही ठिकाणी ॲप्रनला. कामावर जाताना अंगाला बांधायचं जाड कापड, तेही चिलखतच ना.

प्रश्न : बाकी युरोपात हा शब्द टिकला का? इंग्लिश आणि फ्रेंचमध्ये दिसत नाही. (निवृत्त शिक्षक, नाशिक)

सर, टिकला पण सगळीकडे सारखा नाही. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये 'लोरिगा', कॅटलनमध्ये 'ल्योरिगा', मध्ययुगीन स्पॅनिश वीरकाव्यात पानोपानी. स्पॅनिशमध्ये तर पुढे बैलगाडीसारख्या वाहनाच्या चाकाच्या तुंब्यात मजबुतीसाठी बसवायच्या लोखंडी कड्यालाही लोरिगा म्हणू लागले, योद्धे गेले आणि शब्द गाडीवानाकडे आला.

फ्रेंचमध्ये फ्रँक लोकांचे जर्मॅनिक शब्द वरचढ ठरले. 'ओबेर' हा चिलखताचा जुना फ्रेंच शब्द मुळात 'मान राखणारं' अशा अर्थाचा जर्मॅनिक शब्द आहे. आणि नंतर छातीच्या चिलखताला 'क्विरास' आला, तो 'क्विर' म्हणजे चामडं यावरून! म्हणजे लोरिका गेली तरी चामड्याने आपली जागा परत घेतलीच, आणि हा क्विरास पुढे इंग्लिश, जर्मन सगळीकडे गेला.

सगळ्यात भरपूर संसार केला तो ग्रीकमध्ये. पूर्वेकडचं रोमन साम्राज्य ग्रीक बोलायचं पण सैन्यातले हुकूम बराच काळ लॅटिनमध्येच दिले जायचे, त्यामुळे सैन्याचे शब्द तसेच उतरले आणि लोरिकाचं 'लोरिकिओन' झालं. पण मूळ वादी, लोरुम, तिचं ग्रीकमध्ये जे झालं ते जास्त नवलाचं आहे. 'लोरोस' म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट सणासमारंभाला अंगाभोवती गुंडाळायचा तो रत्नजडित लांबलचक पट्टा, जुन्या मोझॅकच्या चित्रांत आणि नाण्यांवर तो दिसतो. म्हणजे चामड्याची वादी थेट सम्राटाच्या अंगावर. आजच्या ग्रीकमध्ये 'लुरी' म्हणजे साधा पट्टा, घड्याळाचा किंवा कुत्र्याच्या गळ्यातला. 'लोरिदा' म्हणजे पट्टी, रस्त्यावरच्या लेनला लोरिदा म्हणतात आणि बातम्यांत ग्रीक लोक गाझा पट्टीला 'गाझाची लोरिदा' म्हणतात. आणि बाळाची नाळ, तिला वैद्यकीय ग्रीकमध्ये 'ओम्फालिओस लोरोस' म्हणजे बेंबीची वादी. लगामापासून नाळेपर्यंत एकच शब्द आलाय सर, मला याच्यापुढे काही बोलायला सुचत नाही.

प्रश्न : मॅडम, माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. मुलगा म्हणतो आर्मेचर म्हणजे इंग्लिश आर्मर, म्हणजे चिलखत. आम्ही तर तांब्याची तार गुंडाळतो, त्यात चिलखत कुठे आलं? का उगाच काहीतरी सांगतोय? (इचलकरंजी)

उगाच नाही सांगत, मुलाला शाबासकी द्या. लोरिका आपल्याकडे आली नाही पण तिच्या कामाचा दुसरा एक लॅटिन शब्द आपल्या घरात, दुकानात, उशाशी, सगळीकडे आहे आणि तो म्हणजे 'आर्मा'.

आर्मा म्हणजे हत्यारं-सामग्री, त्यातही अंगाला जोडायची, म्हणजे ढाल, चिलखत वगैरे. फेकून मारायच्या हत्यारांना वेगळा शब्द होता. आर्मावरून 'आर्मातुरा' म्हणजे सैनिकाचा सगळा साज. हाच शब्द जुन्या फ्रेंचमधून घासून घासून इंग्लिशमध्ये 'आर्मर' झाला. आणि तोच शब्द नंतर विद्वानांनी पुन्हा लॅटिनमधून जसाच्या तसा उचलला तो 'आर्मेचर'. म्हणजे दोघं एकाच आईची पोरं, एक लहानपणापासून गावात खेळून वाढलेला आणि एक थेट शिकून आलेला.

मोटरीत कसा आला ते असं. पूर्वी नैसर्गिक चुंबक-दगड असायचे, त्यांची ताकद वाढावी आणि टिकावी म्हणून त्यांच्या टोकांना लोखंडी टोप्या बसवायचे, याला चुंबकाला 'शस्त्रसज्ज करणं' म्हणायचे आणि त्या लोखंडाला आर्मेचर. नालाच्या आकाराच्या चुंबकाच्या दोन टोकांवर आडवी लोखंडी पट्टी ठेवतात ना, शाळेच्या प्रयोगशाळेत बघितली असेल, ती पण आर्मेचर. मग विजेवर चालणारे चुंबक आले, त्यांच्यासमोर हलणारा लोखंडाचा तुकडा आर्मेचर झाला, मग तो फिरायला लागला, त्यावर तार गुंडाळली गेली, आणि आता मिक्सरचं नाहीतर ड्रिल मशीनचं आर्मेचर जळालं की गिऱ्हाईक तुमच्याकडे येतं. चुंबकाचं चिलखत होतं ते हळूहळू मोटरीचं काळीज झालं, नाव तेवढं राहिलं. तुमच्या दुकानात जमिनीखालून टाकायची आर्मर्ड केबल असेल, तिच्यावर पोलादी तारांचं वेष्टण असतं, तिथे मात्र शब्द अजून आपल्या मूळ कामावर आहे.

आणि घरी गेलात की अलमारी बघा. लॅटिनमध्ये 'आर्मारियम' म्हणजे आर्मा ठेवायची जागा, हत्यारं-अवजारांचं कपाट. रोमन घरांत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे असल्या कपाटांत ठेवायचे, मठांत पुस्तकं ठेवू लागले आणि ग्रंथपालाला 'आर्मारियस' म्हणू लागले. पोर्तुगीजमध्ये त्याचं 'आर्मारिओ' झालं आणि बोलण्यात 'आल्मारिओ' सुद्धा, कारण दोन र जवळजवळ आले की जीभ एकाचा ल करून टाकते, लॅटिनचा 'आर्बोर' म्हणजे झाड स्पॅनिशमध्ये 'आर्बोल' झालं ते ह्याच खोडीमुळे. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं, आणि चावी, पगार, साबण, बादली, घमेलं यांच्याबरोबर ही अलमारीही आपल्या किनाऱ्यावर उतरली. तिथून हिंदी, उर्दू, बंगाली, तमिळ, सिंहली सगळीकडे, मलायामध्ये 'अल्मारी' आणि 'लेमारी'. पोर्तुगीज शब्द आशियातल्या कुठल्या कुठल्या भाषांत गेले याचा पहिला मोठा कोश एका गोवेकराने केलाय, आसगावात जन्मलेले सेबास्तियाव रुदोल्फ दाल्गादो, १९१३ मध्ये, आणि आर्मारिओ त्यात आहे. असं काम करणाऱ्या माणसाचं नाव महाराष्ट्रात फार कमी लोकांना माहीत आहे ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

सकाळी मोबाईलचा अलार्म वाजतो तोसुद्धा ह्याच घरचा बरं का, इटालियन 'आल् आर्मे', म्हणजे 'हत्यारं घ्या रे!' अशी पहारेकऱ्याची आरोळी. तुमच्या धंद्यातले असे अजून शब्द असतील तर मुलाला लिहून पाठवायला सांगा, दुकानात जसे बोलता तसेच, सुधारून नको.

प्रश्न : मराठीतले चिलखत, बख्तर हे शब्द पण लॅटिनमधूनच आले का? (सातारा)

नाही, हे दोन्ही फारसीच्या वाटेने आलेत, दख्खनच्या सुलतानांच्या फौजांत मराठे सरदार होते तिथून. त्यातलाच तिसरा शब्द 'ज़िरह', कड्यांचं चिलखत, म्हणजे रोमन हामाटाचाच प्रकार. तो आता सुटा कुणी वापरत नाही, पण जिरेटोप म्हणतो त्यातला 'जिरे' तोच. १० नोव्हेंबर १६५९ ला महाराज प्रतापगडाखाली अफजलखानाला भेटायला गेले तेव्हा अंगरख्याच्या आत चिलखत आणि डोक्याला जिरेटोप होता असं बखरी सांगतात, त्या एका वाक्यात आपले दोन शब्द शेजारी शेजारी आहेत. आणि स्वयंपाकघरातल्या जिऱ्याशी त्याचा काही संबंध नाही, हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच.

प्रश्न : 'लॉरी' आणि 'लोरी' हे लोरिकावरून आले असतील का? (ठाणे)

दोन्ही नाही. लोरी म्हणजे अंगाई, तो उत्तर भारतातला आपला शब्द आहे, आणि लॉरी हा एकोणिसाव्या शतकातला इंग्लिश शब्द, रेल्वेच्या सपाट डब्यांसाठी आधी वापरला गेला. नुसता आवाज जुळला म्हणून नातं लावायचं नसतं, मधले मुक्काम दाखवता आले पाहिजेत.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. आमच्या फिश टँकमधल्या सकर माशाचं शास्त्रीय कुळ 'लोरिकॅरिडी' आहे असं तिने शोधून काढलं आणि ती विचारतेय की यात तुमची लोरिका आहे का. (पुणे)

आहे! तिला सांगा अगदी बरोबर पकडलंय. माशाला हात लावून बघितलं असेल तर कळलं असेल की त्याला बाकीच्या माशांसारखे मऊ खवले नसतात, हाडासारख्या कडक तकटांच्या रांगा असतात, एकीवर एक चढलेल्या. दक्षिण अमेरिकेतले हे मासे बघून लिनियसने, म्हणजे सजीवांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालून देणाऱ्या शास्त्रज्ञाने, १७५८ मध्ये त्यांच्यातल्या एका गटाला 'लोरिकॅरिया' नाव दिलं आणि त्यातल्या एका जातीला 'लोरिकॅरिया कॅटाफ्रॅक्टा'. गंमत म्हणजे कॅटाफ्रॅक्टा हा ग्रीकमधून आलेला शब्दही 'चिलखत घातलेला' असाच आहे, म्हणजे त्या माशाचं नाव चिलखतवाला चिलखतवाला असं झालं.

तिला अजून एक नाव शोधायला द्या, लोरिसिफेरा. समुद्राच्या तळाशी वाळूच्या कणांमध्ये राहणारे एक मिलिमीटरपेक्षाही लहान प्राणी, पोटाभोवती तकटांची पेटी आणि डोकं त्या पेटीत आत ओढून घेता येतं. राइनहार्ट क्रिस्टेनसेन ह्या डॅनिश शास्त्रज्ञाने १९८३ मध्ये त्यांचं वर्णन जगापुढे मांडलं आणि त्यांच्यासाठी प्राणिसृष्टीत अख्खा नवीन संघ तयार करावा लागला, कारण आधीच्या कुठल्याच संघात ते बसेनात. नावाचा अर्थ 'लोरिका वाहणारे'. पहिल्या जातीचे नमुने फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर रोस्कॉफजवळ मिळाले होते. तिच्या शाळेच्या मायक्रोस्कोपखाली हे मिळणार नाहीत, पण तळ्याच्या पाण्याच्या थेंबात रोटिफर नावाचे जीव मिळतील, त्यातल्या काहींच्या अंगावर पारदर्शक कडक कवच असतं आणि त्यालाही शास्त्रात लोरिकाच म्हणतात. तिने थेंब बघितला तर चित्र काढून पाठवायला सांगा, पुढच्या अंकात छापू.